जब्दीचं काम

आज सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली पाय अडले. रात्रीत झाड फुललं होतं. पांढुरकी बारीक फुलं डांबरावर, दुकानाच्या पायरीवर, कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर सांडली होती, आणि तो वास! पानापासून सालीपर्यंत कडू असलेल्या झाडाला इतका गोड वास कुणी दिला असेल? मी रिकामी पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिले. दूधवाला म्हणाला, "बाई, कुणाची वाट बघायलाव?" म्हटलं, "कुणाची नाही रे. ईस्टर जवळ आला की!" त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने मान डोलावली.

सोलापुरात वसंत ऋतू फक्त शाळेच्या निबंधात येतो. प्रत्यक्षात थंडी गेली की दुसऱ्या दिवशी उन्हाळा येऊन दारात बसतो. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो, नव्या माठातलं पहिलं पाणी मातीच्या चवीचं लागतं, नदीच्या वाळूतली कलिंगडं हातगाड्यांवर येतात, आणि पोरं परीक्षेचा अभ्यास करतो असं सांगून गच्चीवर गप्पा मारतात. आम्हा ख्रिस्ती घरांत ह्याच दिवसांत ईस्टरच्या आधीचा उपासकाळ असतो. बाकीच्यांचा वैताग वाढतो तेव्हा आमचा उत्साह वाढतो. संध्याकाळच्या प्रार्थना, गाण्यांच्या तालमी, ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारसाठी शिंदीची झाडं हेरून ठेवणं, नवीन कपडे शिवायला टाकणं. त्यात माझ्यासारखी मुळातली उतावीळ मुलगी. मला तर ह्या दिवसांत चालताच येत नसे, मी पळतच असायची.

त्यातही एक वर्ष असं आलं की त्याचा वास अजून नाकातून जात नाही. मोठा दुष्काळ सरला होता, जोंधळा बरा पिकला होता, मी नववीत होते. त्या वर्षी आमच्या चर्चमध्ये पाचारणाचं, म्हणजे येशूनं पहिल्या शिष्यांना हाक मारली त्या प्रसंगाचं, नाटक झालं आणि आमच्या अण्णांनी जब्दीचं काम केलं.

अण्णा म्हणजे माझे वडील, शांतवन त्यांचं नाव. मिलमध्ये मागावर होते. मागांच्या खडखडाटात दिवस काढलेला माणूस, त्यामुळे घरात मीठ मागायचं तरी चार घरांना ऐकू जायचं. भोंगा झाला की बाहेर पडायचे, दुसरा भोंगा झाला की केसांत कापसाची म्हातारी घेऊन परत यायचे. बोलायची भारी हौस. पण महत्त्वाचा प्रश्न विचारला की त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, "बघू." सहलीला जाऊ का? बघू. नवीन चप्पल? बघू. आई म्हणायची, "तुमच्या बगू-बगूत पोरींचं वय निगून चाललंया." ह्यावरही ते म्हणायचे, बघू.

मला मात्र बायबलच्या शुभवर्तमानातला एक शब्द वेडा करायचा. लगेच! गालीलच्या तळ्याकाठून येशू चालला आहे. पेत्र आणि अंद्रिया हे दोघे भाऊ पाण्यात जाळं टाकतायत. तो म्हणतो, माझ्यामागे या. आणि ते लगेच जाळी सोडून निघतात. थोडं पुढं गेल्यावर दुसरे दोघे, याकोब आणि योहान, नावेत बसून बापाबरोबर जाळी नीट करतायत. त्यांनाही हाक येते, आणि तेही नाव सोडून, बापाला सोडून निघतात. ना घरी विचारून येतो, ना कपडे बदलून येतो! रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे माझं गालील म्हणजे आपला कंबर तलाव. तलावाच्या कडेनं जाताना मी मुद्दाम हळू चालायची. न जाणो, हाक आली आणि मला ऐकू आली नाही तर?

हाक आली, पण ती माझ्या बहिणीला. रूथ, माझी आक्का. नर्सिंगचं शिक्षण पुरं करून शहरातल्या दवाखान्यात नुकतीच लागली होती. हिवाळ्यात एक पाहुण्या सिस्टर आमच्या चर्चमध्ये आल्या. वय झालेल्या, पांढरी सुती साडी, पायात टायरच्या चपला. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा छोटा दवाखाना होता. त्यांनी उपदेश वगैरे काही केला नाही. तिथं खाटा आहेत, औषधांचं कपाट आहे, आजारी माणसं डोंगरावरून चालत येतात, पण नर्स टिकत नाही, एवढंच सांगितलं. मग विचारलं, "कुणी येईल का? येणार असेल तिनं उभं राहावं."

अशा वेळी चर्चमध्ये काय होतं ते सांगायला नको. सगळ्यांना एकदम आपापल्या पायांच्या बोटांत रस निर्माण होतो. मीही खालीच बघत होते. तेवढ्यात आमचा बाक करकरला. बघते तर आक्का उभी! आईच्या मांडीवरचं गायनाचं पुस्तक खाली पडलं, ते कुणी उचललं नाही. अण्णा समोर बघत राहिले. 

घरी आलो, पानं वाढली. जेवताना अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, हातातच धरला आणि विचारलं, "तितं जोंधळा पिकतो का?"

आक्का म्हणाली, "माहीत नाही अण्णा. मक्याची भाकरी खातात म्हणे."

"मका?" अण्णांचा चेहरा कुणी माती खायला सांगितल्यासारखा झाला. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "बगू."

आणि तिथंच गाडं अडलं. सिस्टरांनी ईस्टरपर्यंत कळवायला सांगितलं होतं. आक्काचं मन पक्कं होतं, पण अण्णांच्या तोंडून हो आल्याशिवाय ती पाऊल उचलणार नव्हती. मी चिडायची. "याकोब-योहानानं बापाला विचारलं होतं का? तू लगेच जा!" ती कपड्यांना इस्त्री करता करता हसायची. "स्टेशन काय लांब नाही गं. गाडीत बसून जाणं सोपं आहे. पण अण्णा इथं रोज दाराकडं बघत बसणार असतील तर मी तिथं कुणाची सुश्रूषा करू? मला त्यांनी पाठवायला पाहिजे." मला ते अजिबात पटायचं नाही. खरं सांगायचं तर आक्का गेली की तिची खिडकीजवळची खाट मला मिळणार होती, आणि ती गेली की मी रडून मरणार होते. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी ठाऊक होत्या.

अण्णा नाही म्हणत नव्हते, हीच तर अडचण होती. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. ते फक्त प्रश्न विचारायचे, तेही आडून. तिथं रात्री दिवा असतो का? साप किती? एसटी कितीदा येते? एकदा मिलमधून आल्या आल्या, तोंड न धुता म्हणाले, "आमच्या खात्यातला एक जण तिकडला हाय. डोंगरात लई थंडी पडती म्हंला." आणि दुसऱ्या दिवशी कुठूनसा मफलर घेऊन आले. म्हणजे हो का? आक्कानं आशेनं त्यांच्याकडं पाहिलं. मफलर खुंटीला अडकवत ते म्हणाले, "स्वस्तात घावला म्हणून घेतला."

अशात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या डोक्यात नाटक आलं. झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी आवारात छोटासा खेळ करायचा, विषय पाचारण. पाळकसाहेब तरुण, हसतमुख, मंडळीतल्या प्रत्येक माणसाला कामाला लावण्यात पटाईत. येशूचं काम शमुवेल मास्तरांना मिळालं. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, उंच, सडपातळ आणि इतके लाजाळू की वर्गात गप्प बसा म्हणतानाही त्यांना संकोच व्हायचा. अण्णांना पेत्राचं काम हवं होतं. पेत्राला पुष्कळ बोलायला मिळतं ना! यादी वाचून झाली आणि अण्णांच्या वाट्याला आला जब्दी. याकोब-योहानाचा बाप.

"बरं, जब्दीनं बोलायचं काय?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही," पाळकसाहेब म्हणाले. "नावेत बसायचं, जाळं नीट करायचं. मुलं उठून जातात. तुम्ही बसून राहता."

"मंग मला कशाला घेता? तितं एक पोतं ठिवा की!"

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले, पण लगेच म्हणाले, "शांतवनराव, पोत्याला सोडून कुणी गेलं तर बघणाऱ्याला काय वाटणार?"

 अण्णांनी जब्दी घेतला. मला नावेतल्या मजुराचं काम मिळालं. शुभवर्तमानात मजूर आहेत, बापाजवळ राहिलेले. डोक्याला मुंडासं बांधायला मिळणार म्हणून मी हवेत होते.

तालमींचे ते दिवस! परीक्षा तोंडावर आली होती आणि मला भूगोलापेक्षा गालील जास्त कळत होतं. शाळेतले बाक जोडून त्यांना जुनी सतरंजी गुंडाळली की नाव झाली. जाळं म्हणून पाळकसाहेबांनी व्हॉलीबॉलची जाळी आणली. अण्णांनी ती चिमटीत धरून उचलली. "ह्यातनं हत्ती बी निसटंल," म्हणाले, आणि बाजारातून सूत आणून घरच्या ओट्यावर स्वतः जाळं विणायला बसले. आयुष्यात मासा पकडला नव्हता, पण तुटका धागा दिसला की त्यांच्या बोटांना राहवत नसे. संध्याकाळच्या तांबूस उजेडात ते गाठी मारत बसायचे, आई नव्या जोंधळ्याच्या भाकऱ्या थापायची, आक्का ड्यूटीवरून येऊन दारात पाय धुवायची. तेव्हा मला ते सगळं नेहमीचंच वाटायचं. 

तालमीत घोळ पहिल्याच दिवशी झाला. शमुवेल मास्तरांनी हळू आवाजात हाक मारली. याकोब आणि योहान झालेली पोरं उठली, बाकावरून उतरली, निघाली. आणि नावेतून गर्जना झाली, "अरं, भाकरी घ्या की रं बांदून!"

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. "शांतवनराव, जब्दी बोलत नाही!"

"व्हय, चुकलं," अण्णा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, वर शेंगाची चटणी. बाहेर कुंपणावर बसलेली पोरं ह्याच वाक्याची वाट बघायची आणि ते आलं की टाळ्या पिटायची. अण्णांचा तरी काय दोष? आमच्याकडे माणूस मोडनिंबला जाऊन संध्याकाळी परत येणार असला तरी फडक्यात बांधलेली कडक भाकरी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आमची कडक भाकरी महिनाभर टिकते. ती मोडली तर आवाज होतो, भिजवली तर मऊ होते, आणि बरोबर असली की परक्या गावातही माणसाला आपलं घर आहे असं वाटतं. घरातून कुणी निघालं की भाकरी बांधणं, ही आमच्याकडची 'जा' म्हणायची रीत. 'जाऊ नको' म्हणायचीही तीच. बांधता बांधता वेळ काढता येतो, गाठ सोडून पुन्हा मारता येते, आणखी एक घाल म्हणता येतं.

मग योहान झालेल्या मुलाची मिलमधली पाळी बदलली, तो संध्याकाळी मोकळा होईना. आता कोण? सगळ्यांची वाक्यं पाठ असलेलं माणूस एकच होतं, आमची आक्का. तिच्या हनुवटीला काळ्या लोकरीची दाढी चिकटवली. आई हसून हसून भिंतीला टेकली. आता नावेतून उठून कोण जाणार होतं, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही. की पाळकसाहेबांच्या आलं होतं? मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही.

आक्का योहान झाली आणि अण्णांची यादी वाढतच गेली. कडक भाकरी, चटणी, लसणाचं तिखट, कंदील, घोंगडी, तो मफलर. आक्का मंचाच्या कडेपर्यंत जायची, आवाज आला की थांबायची, मागं वळायची.

"रूथ, वळायचं नाही," पाळकसाहेब सांगायचे.

"ते बोलतायत, साहेब. कशी जाऊ?"

एका संध्याकाळी पाळकसाहेबांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि शांतपणे सांगितलं की येशूनं पुढं शिष्यांना गावोगाव पाठवलं तेव्हा वाटेसाठी भाकरी घेऊ नका, झोळी घेऊ नका, असं स्पष्ट बजावलं होतं. अण्णा ताडकन म्हणाले, "का न्हाय घ्यायची? पोटाला काय बांदायचं मंग?"

"त्यांना कुणीतरी घरात घ्यावं म्हणून," पाळकसाहेब म्हणाले. "आपली भाकरी बरोबर असली की माणूस झाडाखाली बसून एकटा खातो. नसली की त्याला कुणाचं तरी दार वाजवावं लागतं. दुसऱ्याच्या हातचं खाल्ल्याशिवाय त्या घराचा होता येत नाही, शांतवनराव."

अण्णा जाळ्याच्या गाठी चाचपू लागले. मग एकदम त्यांचा आवाज फाटला. "म्हंजी माज्या पोरीनं लोकांच्या दारात हुबं ऱ्हायाचं? आन् कुणी दार उगडलंच न्हाय तर?"

पहिल्यांदाच प्रश्न सरळ आला होता. साप नाही, एसटी नाही, जोंधळा नाही.   आक्का दाढी हातात घेऊन खाली बघत होती. उत्तर दिलं आईनं. ती तालमीला भाजी निवडत बसायची. "उगडतील की. आपल्या दारात कोन आलं तर आपुन काय कडी लावतो का? आन् ध्यान द्या, जब्दी नावंतच बसला, पर त्याची बायकू गेली की येसूच्या मागं! पोरास्नी कुटं जागा मिळाली ते बगाया. मी बी जाऊन बगून येईन." अण्णांना हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही.

मला वाटतं, पाचारणावर मी शेकडो उपदेश ऐकले असतील. सगळे निघालेल्यांवर. त्यांचा त्याग, त्यांचं धाडस, त्यांचं लगेच. निघणाऱ्याचं मला आजही वेड आहे. रस्त्यावर पाठीला पिशवी लावून कुणी पोरगी एसटीच्या दिशेनं झपझप चाललेली दिसली की मला तिच्याबरोबर चालत सुटावंसं वाटतं. पण त्या उन्हाळ्यानं मला नावेत बसायला लावलं, आणि नावेतून गोष्ट वेगळीच दिसते. हाक दोघांना आली, ऐकली तिघांनी. जब्दीलाही ती ऐकू गेलीच असणार, तो काय बहिरा होता? त्या हाकेत त्याचं नाव नव्हतं, तरी तिला उत्तर त्यालाही द्यायचं होतं. त्यानं मुलाचा हात धरून ठेवला असता तर? जाळं फार फाटलं आहे, एवढं नीट करून जा, म्हणाला असता तर? चांगल्या मुलांना थांबवायला तेवढं पुरतं. आक्काला तर तेवढंही लागलं नसतं.

झावळ्यांचा रविवार उजाडला. सकाळी शिंदीच्या झावळ्या घेऊन आम्ही गात गात गल्लीभर फिरलो, हाताला काटे टोचले, घसे बसले. संध्याकाळी आवार खच्चून भरलं. आमची मंडळी तर होतीच, पण शेजारच्या पेठेतले तेलुगू विणकर आले, अण्णांच्या खात्यातले मुसलमान सोबती आले, वाणीणबाई घरून स्वतःचा पाट घेऊन आल्या. ऊन उतरलं होतं, पण जमीन अजून धग सोडत होती. शमुवेल मास्तरांच्या खांद्यावर पांढरी चादर, अर्थात सोलापुरीच. माझ्या मुंडाशाखाली घामाच्या धारा. मी इतकी उतावीळ झाले होते की मला उचकी लागली.

पेत्र आणि अंद्रिया झकास गेले. मग आमची नाव. अण्णा मधोमध, मांडीवर जाळं. शेजारी मी. समोर याकोब, आणि दाढीवाली आक्का. मास्तर आले, थांबले, आणि त्या दिवशी कुठून बळ आलं देव जाणे, त्यांनी खणखणीत आवाजात हाक मारली. दोघे उठले. बाकावरून उतरले. चार पावलं गेले, मंचाच्या कडेला पोचले.

आणि थांबले.

सवय! इतके दिवस त्या जागी नावेतून आरोळी यायची, हे थांबायचे, मग पाळकसाहेब ओरडायचे. पाय तिथंच खिळले. दोघे पाठमोरे उभे, वाट बघत. अण्णांच्या तोंडून शब्द नाही. पडद्याआडून पाळकसाहेब हातानं 'चला, चला' करतायत. कुंपणावरचं एक पोरगं न राहवून ओरडलं, "भाकरी म्हना की काका!" आवारात हशा पिकला आणि विझला.

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांची बोटं गाठीवर थांबली होती. ते जाळ्याकडं बघत नव्हते, मास्तरांकडं बघत नव्हते. आक्काच्या पाठीकडं बघत होते. मी हळूच म्हटलं, "अण्णा, ते थांबलेत." त्यांनी मान हलवली, कळलंय म्हणून.

मग म्हणाले, "रूथ."

योहान नाही. रूथ. 

"जा की बाळा आता. हुबी का? मी हाय हितं."

आक्का वळली नाही. तिचे खांदे तेवढे वर गेले आणि खाली आले. अण्णांनी जाळं पुन्हा हातात घेतलं, आणि मला दिसलं, त्यांना गाठ सापडत नव्हती. माझी उचकी थांबली होती. मी दुसरं टोक धरलं. मजुराचं काम तेवढंच होतं.

ती गेली, हे सांगायला नकोच. ईस्टरनंतरच्या आठवड्यात गेली, डोंगरातल्या लोकांची बोली शिकली, त्यांच्या मक्याच्या भाकऱ्या खाल्ल्या, आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिली. एका दारानं तिला आत घेतलं, मग साऱ्या गावानं घेतलं. मी सोलापुरात राहिले, शाळेत शिकवलं, अण्णांच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्याजवळ होते. कुणी विचारतं, तुम्हाला नाही का कधी हाक आली? पूर्वी मला ह्या प्रश्नाचा राग यायचा. आता मी सांगते, आली की, त्याच संध्याकाळी आली. ती जवळ बसून राहायची हाक होती, म्हणून कुणाला दिसली नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी, त्या क्षणी, काय झालं ते ऐका. आक्का मंचावरून खाली उतरली. नाटकात तिनं उतरायचं नव्हतं, मास्तरांच्या मागून पडद्याआड जायचं होतं. ती सरळ लोकांमधून चालू लागली. लोकांनी पाय आखडून वाट दिली. वाणीणबाईंनी पाट सरकवला. बघता बघता ती फाटकाशी पोचली आणि तशीच, दाढीसकट, बाहेर रस्त्यावर! याकोब बावचळून मंचावरच राहिला, आणि शमुवेल मास्तर चादर सावरत, "अहो रूथताई, थांबा, मी पुढं असायला हवं, तुम्ही माझ्यामागे!" असं म्हणत तिच्यामागून धावत सुटले. सगळं आवार उभं राहून ओरडत होतं, हसत होतं, आई पदरानं तोंड दाबून रडत होती, आणि अण्णा नावेत ताठ उभे राहून, गालांवरून वाहणारं पाणी न पुसता, अख्ख्या सोलापूरला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मास्तर, पळा की! पोरगी लई पुडं गेली!"